बेवड ते बॅग : कुंडल परिसरातील धान्यशेती आणि नत्राचा हिशेब

१. प्रास्ताविक

कृष्णा व येरळा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या कुशीत वसलेले कुंडल हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. इतिहासाच्या अभ्यासकांस ते प्रामुख्याने तीन कारणांनी परिचित आहे. औंध संस्थानच्या विखुरलेल्या तालुक्यांपैकी एकाचे ते ठाणे होते. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीचे ते एक प्रमुख केंद्र होते. आणि याच गावाचे नाव धारण करणाऱ्या ‘कुंडल रोड’ या रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली आपला कारखाना उभारला. संस्थानाचे विलीनीकरण १९४८ साली झाले, १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. हा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या आधारावर ही सर्व स्थित्यंतरे घडली, त्या शेतकऱ्याच्या जमिनीत त्याच काळात जे स्थित्यंतर झाले, त्याकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे.

ते स्थित्यंतर म्हणजे नत्राच्या पुरवठ्याचे होय. धान्यपिकांच्या वाढीस जी द्रव्ये लागतात त्यांत नत्राचे स्थान पहिले. ते शेतात कोठून येते, किती टिकते आणि कोठे जाते, या प्रश्नांची उत्तरे दीड शतकात आमूलाग्र बदलली आहेत. उत्तरांबरोबर प्रश्न विचारण्याची भाषाही बदलली. ‘मागले पीक कोणते होते?’ या प्रश्नाची जागा ‘एकरी किती बॅगा?’ या प्रश्नाने घेतली. या बदलात काय मिळाले आणि काय गमावले, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. जुनी शब्दसंपत्ती व तिच्यातील ज्ञान

शेतीच्या जुन्या व्यवस्थेचा पुरावा दप्तरांइतकाच शब्दांत सापडतो. देशावरील गावाची कल्पनाच ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या दोन शब्दांवर उभी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीतील धान्य व कडबा पांढरीत येत आणि माणसांच्या व जनावरांच्या पोटातून गेलेला त्यांचा अवशेष उकिरड्याच्या वाटेने पुन्हा काळीत जाई. जुन्या गावठाणाची माती गाड्या भरून शेतात टाकण्याची चालही दख्खनमध्ये होती. पिढ्यान्‌पिढ्या माणसे व गुरे ज्या जागी वावरली, त्या मातीत नत्राचे क्षार साठलेले असत. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्यास हे अनुभवाने ठाऊक होते.

खतांची विभागणीही अशीच बोलकी आहे. शेणखत, लेंडीखत, सोनखत ही नावे उगम सांगतात. भरखत, जोरखत आणि वरखत ही नावे कार्य सांगतात. भरखत जमिनीस भर घालते व सावकाश लागू पडते, पेंडीसारखे जोरखत अल्प प्रमाणात त्वरित गुण देते, तर उभ्या पिकास वरून देण्याचे ते वरखत. द्रव्य कोणते, यापेक्षा ते केव्हा आणि कसे लागू पडते, हा या विभागणीचा निकष आहे. आधुनिक कृषिशास्त्र नत्रव्यवस्थापनात ज्या ‘वेळ’ व ‘पद्धत’ या अंगांवर भर देते, ती अंगे या तीन शब्दांत पूर्वीच गृहीत धरलेली दिसतात.

मेंढ्या बसविण्याची पद्धत याच व्यवस्थेचा एक भाग होती. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखातील धनगरांचे वाडे पावसाळा संपल्यावर बाहेर पडत आणि वाटेतील शेतांत रात्री मेंढ्या बसवीत. त्याबद्दल शेतमालक त्यांस धान्य देई. लेंड्यांइतकेच महत्त्व मूत्रास होते, कारण जनावराच्या उत्सर्गातील नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो व गोठ्यात तो जमिनीत मुरून वाया जातो. शेतात बसविलेल्या मेंढ्यांचे मूत्र मात्र जेथे हवे तेथेच पडते.

परंतु या सर्व शब्दांत अधिक अर्थपूर्ण शब्द ‘बेवड’ हा होय. आधीच्या पिकाने जमीन ज्या स्थितीत सोडली, ती स्थिती म्हणजे बेवड. भुईमुगाची बेवड गव्हास किंवा शाळूस चांगली, जोंधळ्याची बेवड वाईट, अशा स्वरूपाचे निर्णय या शब्दाच्या साहाय्याने होत. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, हे हेलरीगेल व विलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली दाखविले. त्यामागील कारण शेतकऱ्यास ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता. आणि तो एका शब्दात बांधून पुढील पिढीस देण्याची सोय भाषेने केली होती. जोंधळ्यात तुरीचे पाटे घालणे, शाळूच्या रानात हरभरा किंवा करडई घेणे, या चालींमागे धान्याची व जोखमीची विभागणी हे हेतू होतेच. पण द्विदल पिकामुळे जमिनीचा कस राहण्यास होणारी मदतही त्यांत होती.

३. जुन्या व्यवस्थेची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून जुनी व्यवस्था परिपूर्ण होती, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तिचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. हेक्टरी दहा क्विंटल शाळू पिकला, तर दाण्यात सुमारे १६ किलो व कडब्यात सुमारे १०-११ किलो, असे मिळून २६-२७ किलो नत्र पीक उचलते. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्धा टक्का धरले, तर हेक्टरी पाच टन शेणखतातून २५ किलो नत्र जमिनीत जाते. वरवर पाहता जमाखर्च जुळतो. परंतु शेणखतातील नत्रापैकी स्थूलमानाने एक-तृतीयांशच पहिल्या वर्षी पिकास लाभतो. शिवाय सर्व शेतांस दरवर्षी पाच टन खत मिळणे ही गोष्ट बहुतेक कुटुंबांच्या आटोक्याबाहेरची होती. खत मळ्यास जाई, जिराईत रानाच्या वाट्यास ते क्वचित येई.

खत कमी पडण्याचे आणखी एक कारण चूल हे होते. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले डॉ. जॉन ऑगस्टस व्होएलकर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात येथील रयतेच्या कौशल्याची प्रशंसा केली. पण जळणासाठी लाकूड नसल्यामुळे शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले व गावोगाव जळणाची आणि चाऱ्याची राखीव राने निर्माण करण्याची सूचना केली. शेण जळाले की त्यातील नत्र हवेत जातो व राखेत तो उरत नाही. व्होएलकरांच्या दहा वर्षे आधी, १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुले यांनी डोंगरांवरून पाण्याबरोबर वाहून येणारा कस ताली व बंधारे घालून शेतात मुरविण्याची मागणी केली होती. एकाने चुलीत जाणारा व दुसऱ्याने ओढ्यात जाणारा कस मोजला. दोघांचेही म्हणणे हेच होते की, गावाची सुपीकता गावाबाहेर जात आहे आणि ती अडविण्याचे साधन एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाही.

या प्रश्नावर विसाव्या शतकात महत्त्वाचे काम झाले ते इंदूर येथे. सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व मूत्राने भिजलेली माती यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसविली व १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. तिचे मर्म मूत्रातील नत्र वाया जाऊ न देण्यात होते. ही पद्धत जगभर गेली. परंतु पुरेसे पाणी, काडीकचरा व मजुरी यांची अट असल्यामुळे जिराईत गावांत तिचा प्रसार मर्यादितच राहिला.

४. लोखंडी नांगर व नवा पुरवठा

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास आरंभी जो विरोध झाला, तो या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. पुढे हाच नांगर काळ्या रानातील हरळी व कुंदा काढण्यासाठी अपरिहार्य ठरला. खोल नांगरटीचा दुसरा परिणाम मात्र फारसा बोलला गेला नाही. उलथलेल्या मातीत हवा खेळते, सेंद्रिय द्रव्य लवकर कुजते व त्यातील नत्र मोकळा होतो. पहिल्या काही वर्षांत पीक सुधारते. पण जमिनीत साठलेली ठेवच तेथे खर्ची पडत असते. भरखताची जोड नसेल, तर ही ठेव पुन्हा भरत नाही.

बाहेरून नत्र आणण्याचा मार्ग याच सुमारास खुला झाला. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची क्रिया फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत सिद्ध केली व १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. भारतात दुसऱ्या महायुद्धातील अन्नटंचाईने या खताचा प्रश्न ऐरणीवर आणला. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम १९४३ साली सुरू झाली, १९४४ साली मध्यवर्ती खतसाठ्याची योजना आली, आणि १९५१ साली सिंद्री येथील सरकारी कारखान्यातून अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. त्या खताच्या ५० किलोंच्या पोत्यात सुमारे १० किलो नत्र असे. मुंबईजवळ तुर्भे येथील कारखाना १९६५ साली सुरू झाल्यावर युरिया महाराष्ट्राच्या अधिक जवळ आला. युरियात नत्राचे प्रमाण ४६ टक्के आहे. म्हणजे तेवढ्याच वजनात दुपटीहून अधिक नत्र. वाहतूक सोपी झाली आणि चूक करणेही.

बियाणेही त्याच काळात बदलले. सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी १९६४ साली प्रसृत झाली, त्यानंतर बुटक्या मेक्सिकन गव्हाचे वाण आले. जुने उंच वाण अधिक नत्र दिल्यास लोळत. नवे बुटके वाण ते पचवून दाणा देत. येथे पुन्हा हिशेब पाहावा. हेक्टरी ४० क्विंटल गहू दाणा व भुसा मिळून १०० किलोंच्या आसपास नत्र उचलतो. पहिल्या वर्षी मिळणाऱ्या अंशाचा विचार करता एवढा नत्र केवळ शेणखतातून पुरवायचा, तर हेक्टरी ६० टन खत लागेल. असे खत कुंडलच्या पंचक्रोशीतच काय, कोठल्याही पंचक्रोशीत निर्माण होणे शक्य नाही. नवे धान्य नव्या खतावाचून पिकले नसते, हे सत्य मान्य केल्याशिवाय पुढील चर्चा प्रामाणिक होणार नाही.

५. बॅगेची भाषा

परंतु बॅगेबरोबर आलेली भाषा निराळी होती. तिच्यात ‘बेवड’ या शब्दास जागा नव्हती. सबंध जिल्ह्यास, कधी सबंध राज्यास एकच शिफारस लागू होई. खुद्द शिफारशींचे शास्त्र मात्र इतके ढोबळ नव्हते. ए. बी. स्टुअर्ट यांच्या १९४७ सालच्या अहवालाने शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष रानांत खतांचे प्रयोग घेण्याचा आग्रह धरला, व १९५० नंतरच्या दशकात असे प्रयोग देशभर झाले. सोलापूर व मोहोळ येथील कोरडवाहू संशोधनाने जमिनीच्या खोलीनुसार ओलावा व पीक यांचे नाते तपासले. कोरडवाहू शाळूसाठी हलक्या जमिनीस हेक्टरी २५, मध्यम जमिनीस ४० व खोल जमिनीस ६० किलो नत्र, अशी आज प्रचलित असलेली विभागणी याच विचारसरणीची आहे. जमीन जितका ओलावा धरील, तितकाच नत्र पीक वापरू शकेल, हे तिचे तत्त्व.

शाळूच्या बाबतीत पद्धतीचे महत्त्व तर निर्णायक आहे. पीक परतीच्या पावसाच्या साठलेल्या ओलीवर वाढते व वरचा थर लवकर सुकतो. सुक्या थरात फोकून दिलेले खत मुळांस मिळत नाही. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली, ओलीत खत पेरून देणे हाच योग्य मार्ग होय. बागायती गव्हात याच्या उलट विचार आहे. तेथे हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असली, तरी अर्धा हप्ता पेरणीच्या वेळी व अर्धा सुमारे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळच्या पाण्याबरोबर देतात. सर्व नत्र एकदाच दिला, तर पिकास त्याची गरज लागण्यापूर्वीच त्याचा मोठा भाग नाहीसा होतो.

तो कोठे जातो? काळ्या चुनखडीयुक्त जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेल्या युरियाचे अमोनियात रूपांतर होऊन तो वायुरूपाने हवेत जातो. जमिनीत मुरलेल्या अमोनियाचे जीवाणूंच्या क्रियेने नायट्रेट बनते व अतिपाण्याबरोबर ते खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते. पाणी साचलेल्या रानात हवेच्या अभावी तेच नायट्रेट पुन्हा वायू होऊन निघून जाते. जगभरच्या धान्यपिकांचा आढावा घेऊन रॉन व जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९९९ साली असा निष्कर्ष काढला की, दिलेल्या नत्रापैकी सरासरी ३३ टक्केच दाण्यात उतरतो.

कुंडलच्या परिसरात या प्रश्नास एक स्थानिक बाजू आहे. उपसा सिंचनाने येथील बराच मुलूख बागायती झाला, कुंडल येथेच क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस व द्राक्षे ही मुख्य पिके बनली. सुरू उसास हेक्टरी २५० व आडसालीस ४०० किलो नत्राची शिफारस आहे. अशा मापाची सवय झालेल्या हातास गव्हाचे १२० किंवा शाळूचे ६० किलो क्षुल्लक वाटणे स्वाभाविक होय. कृष्णाकाठच्या जमिनी अतिपाण्याने खारवट व चोपण झाल्या, हे सर्वविदित आहे. अशा विम्ल जमिनीत अमोनिया उडून जाण्याचे प्रमाण वाढते, पीक पिवळे दिसते, आणि पिवळेपणावर उपाय म्हणून पुन्हा युरियाच टाकला जातो. निचऱ्याचा रोग खताचा रोग समजला जातो. खर्च शेतकऱ्याचा होतो, आणि रान दर हंगामास अधिक बिघडते.

धोरणानेही या प्रवृत्तीस बळ दिले. १९९२ साली स्फुरद व पालाश या खतांवरील किंमतनियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. देशातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ साली ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. २०१० सालच्या पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेतूनही युरिया वगळला गेला. स्वस्त असलेले खत अधिक वापरले जाणे हा शेतकऱ्याच्या अज्ञानाचा पुरावा नसून त्याच्या व्यवहाराचा पुरावा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०१५ साली सर्व युरियास निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे करण्यात आले. त्याने नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते. पुढे बॅग ५० किलोंऐवजी ४५ किलोंची झाली. परंतु एकरी बॅगा मोजण्याची रीत कायम असेल, तर बॅग लहान करून मिळणारी बचतही लहानच राहणार.

६. बेवडीचे पुनरागमन

या पार्श्वभूमीवर माती परीक्षणाच्या चळवळीकडे पाहिले असता एक उद्‌बोधक गोष्ट दिसते. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतर्गत १९६७-६८ पासून जी पीक-प्रतिसाद समीकरणे तयार झाली व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने महाराष्ट्राच्या पिकांसाठी बसविली, त्यांचे स्वरूप थोडक्यात असे आहे : अपेक्षित उत्पादनास किती नत्र लागेल ते काढावे, त्यातून जमिनीत उपलब्ध असलेल्या नत्राचा वाटा वजा करावा, शेणखत दिले असल्यास त्याचाही वाटा वजा करावा, उरेल तेवढाच नत्र खतातून द्यावा. या समीकरणाचा आरंभ बॅगेपासून होत नाही, रानात आधी काय आहे येथपासून होतो. ‘मागले पीक कोणते होते?’ हाच तो जुना प्रश्न, अंकांच्या भाषेत विचारलेला.

२०१५ सालच्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेने हे अंक शेतकऱ्याच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. त्यात एक अडचण राहते. अर्धा टक्क्याहून कमी सेंद्रिय कर्ब म्हणजे ‘कमी’, हे पत्रिकेवरील विधान शेतकऱ्याच्या बोलीत उतरत नाही. भरखत, वरखत, बेवड, वाफसा या शब्दांत विचार करणाऱ्या माणसास ‘उपलब्ध नत्र’ हा शब्द परका वाटतो. शास्त्र मराठीत आले ते बहुधा पारिभाषिक नामांच्या रूपाने आले. रानात निर्णय घेताना लागणारी क्रियापदे व प्रश्न जुन्या भाषेतच राहिले. द्विदल पिकानंतरच्या धान्यपिकास नत्राची मात्रा कमी करावी, ही शिफारस ‘भुईमुगाच्या बेवडीस खत कमी’ अशा चार शब्दांत सांगता येते, आणि ऐकणाऱ्यास तिचे कारणही सांगावे लागत नाही.

७. समारोप

कुंडल परिसराचा हा इतिहास तीन अवस्थांत मांडता येईल. पहिल्या अवस्थेत नत्र गावातल्या गावात फिरत होता; तो अपुरा होता, पण त्याची वाट सर्वांस ठाऊक होती. दुसऱ्या अवस्थेत तो बाहेरून विपुल आला. धान्य वाढले, पण त्याची वाट दिसेनाशी झाली. तिसरी अवस्था हिशेबाची असली पाहिजे व ती अद्याप पुरती आलेली नाही. पहिल्या अवस्थेकडे परतणे शक्य नाही, हे वरील आकड्यांवरून स्पष्ट आहे. दुसरीत राहणे परवडणारे नाही, हे कृष्णाकाठच्या खारवट रानांवरून व विहिरींच्या पाण्यावरून तितकेच स्पष्ट आहे.

लोखंडी नांगर विषारी नव्हता आणि युरियाही विष नव्हे. नांगराच्या वेळी शेतकऱ्याची शंका निराधार ठरली, म्हणून त्याच्या प्रत्येक शंकेस अंधश्रद्धा म्हणण्याची सवय विद्वानांस जडली. ‘साल्फेटाने रान कडक होते’ असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात रसायनशास्त्र चुकीचे असेल. पण भरखत बंद झाल्याचे जे निरीक्षण त्यामागे होते, ते बरोबर होते. असे शब्द, अशी निरीक्षणे व त्यांचे संदर्भ गावोगाव वृद्ध शेतकऱ्यांच्या बोलण्यात आजही विखुरलेले आहेत. त्यांचा संग्रह करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आणि त्यांची परीक्षा करणे हे कृषिशास्त्रज्ञाचे. ही दोन कामे एकत्र झाली, तर पदव्युत्तर संशोधनास एक विषय मिळेल एवढेच नव्हे, तर ज्याच्या रानाचा हा हिशेब आहे त्यास तो आपल्या भाषेत वाचता येईल.